वजनाचा काटा आणि शिंप्याची टेप

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राचे नाव ठाऊक नाही, असे घर त्या मुलखात क्वचितच सापडेल. सैन्यभरतीच्या मैदानावर जो मुलगा एकदा जाऊन आला, त्याला टेपची ओळख करून द्यावी लागत नाही. धाव संपली, की उंची पाहतात, वजन पाहतात आणि मग छातीभोवती टेप फिरते. छाती 77 सेंटिमीटर भरावी आणि दीर्घ श्वास घेतल्यावर ती आणखी 5 सेंटिमीटर फुगावी, ही अट आपल्याकडील कित्येक तरुणांनी तोंडपाठ केलेली असते. ही टेप मुलाच्या अंगातील बळ शोधीत असते.

परंतु अमेरिकेच्या लष्करात हीच टेप गेली चाळीसहून अधिक वर्षे एका निराळ्याच कामासाठी वापरली गेली आहे. तेथे ती छातीभोवती नव्हे, तर पोटाभोवती आणि मानेभोवती फिरत आली. आणि ती जे शोधीत होती ते बळ नव्हे, तर चरबी. जवानाच्या शरीराच्या शंभर भागांपैकी किती भाग चरबीचे आहेत, हे त्या मापांवरून गणिताने काढावयाचे आणि तो आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला, तर जवानाची बढती थांबवावयाची, अशी ती पद्धत. प्रथम ऐकताना हे थोडे हास्यास्पद वाटते. शिंप्याने सदऱ्यासाठी घ्यावीत तशा मापांवरून माणसाच्या अंगातील चरबी कशी कळावी? तथापि ह्या प्रश्नाच्या मागे एक मोठी शोधकथा आहे, आणि तिचा शेवटचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून ती आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

काट्याने केलेला अन्याय

चरबीचा विचार लष्कराला सुचण्यापूर्वी सारी भिस्त वजनाच्या काट्यावर असे. अमुक उंचीच्या माणसाचे वजन अमुक इतकेच असावे, अशी कोष्टके विमा कंपन्यांनी तयार केली होती. त्या कोष्टकापेक्षा वजन जास्त भरले, की माणूस स्थूल ठरे आणि सैन्यसेवेस अपात्र होई.

अमेरिकन नौदलात अल्बर्ट बेन्के नावाचे एक वैद्यकीय अधिकारी होते. समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या प्रकृतीचा त्यांचा विशेष अभ्यास होता. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन वायू पाणबुड्याच्या शरीरात विरघळतो, आणि तो घाईने वर आला तर त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधे दुखू लागतात. प्रसंगी प्राणही जातो. हा वायू पाण्यापेक्षा चरबीत सुमारे पाचपट अधिक विरघळतो. म्हणजे ज्याच्या अंगात चरबी अधिक, त्याला धोका अधिक. सन 1939 मध्ये ‘स्क्वालस’ ही अमेरिकन पाणबुडी बुडाली आणि तिच्यातील 33 जणांना जिवंत वर काढण्यात आले, त्या कामगिरीतही बेन्के सहभागी होते. अशा माणसाला चरबी मोजण्याची निकड का वाटली, हे निराळे सांगावयास नको.

सन 1942 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी वेल्हॅम यांनी 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. हा फुटबॉल गोव्यातील मैदानांवर रंगणारा नव्हे. चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळण्याचा जो धसमुसळा अमेरिकन खेळ आहे, त्यातील हे आडदांड गडी होते. विमा कंपन्यांच्या कोष्टकाप्रमाणे पाहता त्यांपैकी 17 जण ‘फाजील वजनाचे’ आणि म्हणून सैन्यास अपात्र ठरत होते. परंतु बेन्के यांनी त्यांच्या शरीराची घनता काढली, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. त्यांपैकी बहुतेकांच्या अंगात चरबी थोडी होती. वजन होते ते स्नायूंचे आणि हाडांचे. देशातील सर्वांत धडधाकट तरुणांना काटा नालायक ठरवीत होता. काटा खोटे बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. वजन किती हे काटा सांगतो. ते वजन कशाचे, हे तो सांगू शकत नाही.

पाण्यात केलेले वजन

मग चरबी वेगळी कशी ओळखावी? ह्याचे उत्तर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक पंडित आर्किमिडीज याने घालून दिलेल्या तत्त्वात होते. पाण्यात बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितके तिचे वजन पाण्यात कमी भरते. आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो हे प्रत्येक गृहिणी रोज पाहते. चरबीही पाण्यापेक्षा हलकीच. एक लिटर चरबीचे वजन सुमारे 900 ग्रॅम भरते. उलट स्नायू, हाडे व रक्त मिळून जो शरीराचा चरबीरहित भाग, त्याचे एक लिटराचे वजन सुमारे 1100 ग्रॅम धरतात. म्हणून माणसाला एकदा जमिनीवर आणि एकदा पाण्यात पूर्ण बुडवून तोलले, की त्याच्या अंगात हलका भाग किती आणि जड भाग किती, हे काढता येते.

एक उदाहरण घेऊ. एका माणसाचे वजन जमिनीवर 80 किलो आहे. फुप्फुसांतील हवेचा हिशेब वजा केल्यावर पाण्याखाली ते अवघे 4 किलो भरले. म्हणजे त्याने 76 लिटर पाणी सारले आणि त्याची घनता 1.05 च्या किंचित वर आली. विल्यम सिरी ह्या शास्त्रज्ञाने सन 1961 मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे 495 ला ह्या घनतेने भागून त्यांतून 450 वजा केले, की उत्तर येते सुमारे 20. म्हणजे त्या माणसाच्या शरीरात शेकडा 20 भाग चरबी आहे.

पद्धत उत्तम; परंतु प्रत्येक छावणीत हौद बांधावयाचा, खुर्ची टांगावयाची, जवानाने सारा श्वास सोडून पाण्याखाली स्तब्ध बसावयाचे आणि फुप्फुसांत उरलेली हवा यंत्राने मोजावयाची, हे लाखो जवानांच्या बाबतीत कसे जमावे? जहाजावर तर मुळीच जमणार नाही. पाहिजे होती अशी युक्ती, की जी खिशात मावेल.

टेपची युक्ती

ही युक्ती टेपने पुरविली. सन 1981 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सर्व दलांना आदेश दिला, की केवळ वजनावर न थांबता शरीराच्या घेरांवरून चरबीचे प्रमाण काढावे. सन 1984 मध्ये सॅन डिएगो येथील नौदलाच्या आरोग्य संशोधन केंद्रात हॉजडन आणि बेकेट ह्या दोघा संशोधकांनी नौदलातील स्त्री-पुरुषांचे पाण्याखालील वजन आणि त्यांच्या अंगाची मापे ताडून पाहिली, आणि कोणत्या मापांवरून चरबीचा अंदाज सर्वांत जवळ येतो, हे शोधून काढले.

पुरुषांच्या बाबतीत दोनच घेर पुरेसे ठरले : बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर आणि कंठमण्याच्या लगेच खाली मानेचा घेर. पुरुषाची चरबी मुख्यतः पोटावर साठते, म्हणून पोटाचे माप. मानेचे माप घेण्याचे कारण असे, की जो गडी अंगाने भरदार आहे त्याची मानही जाड असते. त्याच्या मोठ्या कंबरेचा सगळा दोष चरबीला लावणे योग्य होणार नाही. म्हणून पोटाच्या मापातून मानेचे माप वजा करावयाचे आणि उरलेला आकडा उंचीशी ताडून पाहावयाचा. स्त्रियांच्या बाबतीत कंबर जेथे सर्वांत बारीक तेथील घेर आणि नितंबांचा सर्वांत मोठा घेर, ह्यांची बेरीज करून तीतून मानेचा घेर वजा करीत. कारण निसर्गतः स्त्रीची चरबी मांड्या व नितंब ह्यांवर अधिक वाटली जाते. पुढचा हिशेब लॉगॅरिथमच्या कोष्टकांचा. तो जवानाला करावा लागत नसे, छापील तक्त्यात उत्तर तयार असे.

माप कसे घ्यावे ह्याचेही काटेकोर नियम होते. प्रथम उंची व वजन पाहावयाचे आणि वजन मर्यादेबाहेर गेले तरच टेप काढावयाची. टेप न ताणणारी पाहिजे. शिंप्याची कापडी टेप लष्कराला चालत नसे, कारण ती वापरून वापरून सैल पडते. जवानाने हात मोकळे सोडून उभे राहावे, पोट आत ओढू नये, आणि नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर माप घ्यावे. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढावी. स्त्री-जवानाचे माप पुरुषाने घेण्याची वेळ आलीच, तर तेथे दुसरी स्त्री हजर असावी. आणि अपूर्णांक आला तर मानेचे माप पुढच्या अर्ध्या इंचापर्यंत वाढवावे, पोटाचे माप मागच्या अर्ध्या इंचापर्यंत उतरवावे. म्हणजे संशयाचा फायदा जवानाला मिळे. नियम करणाऱ्यांच्या मनात न्यायबुद्धी होती, हे येथे मान्य केले पाहिजे.

अर्ध्या इंचाचे मोल

ह्या अर्ध्या इंचाला किती मोल आहे, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. 25 वर्षे वयाचा, 68 इंच उंचीचा एक जवान समजा. त्याची मान साडेपंधरा इंच आणि पोट 36 इंच आहे. नौदलाच्या सूत्राने त्याची चरबी शेकडा 21 येते. लष्कराच्या सन 2013 च्या नियमांत 21 ते 27 वर्षांच्या पुरुषांना शेकडा 22 ची मर्यादा होती. म्हणजे तो पास झाला. आता मोजणाऱ्याचा हात किंचित खाली घसरला आणि पोट 37 इंच भरले, तर चरबी शेकडा 23 होते आणि तोच जवान नापास होतो. मान अर्धा इंच कमी भरली, तरीही उत्तर सुमारे एका अंकाने चढते. जवान तोच, चरबी तीच. फरक फक्त टेप धरणाऱ्या बोटांचा.

शिवाय ह्या सूत्राचा अंदाजच मुळी ठोकळ आहे. पाण्याखालच्या वजनाशी ताडून पाहता सर्वसाधारणपणे साडेतीन अंकांची चूक दोन्ही बाजूंनी संभवते. सूत्राने शेकडा 21 सांगितले, तर खरी चरबी 18 असू शकेल किंवा 24 सुद्धा असू शकेल. शेकडो माणसांचा ठोकताळा बांधण्यास ही पद्धत चांगली. एका माणसाचे भवितव्य एका अंकावर ठरविण्यास मात्र ती कच्ची.

आणि भवितव्यच पणाला लागलेले असे. मर्यादेबाहेर गेलेल्या जवानाची बढती, वरच्या शिक्षणासाठी निवड, मानसन्मान, सारे थांबवीत. दरमहा 3 ते 8 पौंड वजन किंवा शेकडा एक भाग चरबी घटविण्याची अट त्याला घालीत, आणि ते न जमल्यास अखेरीस सेवेतून मुक्त करीत. ज्याच्या पगारावर घर चालते, त्याला टेपची धास्ती का वाटू नये? ह्या धास्तीपायी कित्येक जवान मोजणीपूर्वी उपाशी राहत, पाणी तोडीत, घाम काढण्यासाठी अंगाला प्लॅस्टिक गुंडाळीत, रेचके घेत. कोणी मान जाड व्हावी म्हणून मानेचाच व्यायाम करीत. जी टेप प्रकृतीची राखण करण्यासाठी आणली, तिच्या भीतीने माणसांनी प्रकृतीच बिघडवून घ्यावी, हा विपर्यास होय.

मातांचा प्रश्न तर आणखी नाजूक. बाळंतपणानंतर शरीर पूर्ववत होण्यास अवधी लागतो, हे कोणत्याही घरातील वडीलधारी स्त्री सांगेल. अमेरिकन लष्कराने सन 2022 मध्ये प्रसूतीनंतर एक वर्षपर्यंत ह्या मोजणीतून सूट दिली. आपल्या आज्यांना जे ठाऊक होते, ते नियमाच्या पुस्तकात यावयास इतकी वर्षे लागली.

सन 2023 मध्ये लष्कराने आणखी पाऊल उचलले. नवा अभ्यास करून मानेचे माप काढून टाकले आणि बेंबीपाशी एकच माप व वजन एवढ्यावर हिशेब बसविला. जो नापास होईल त्याला अधिक अचूक यंत्रांनी फेरतपासणी मागण्याची मुभा दिली. जो जवान शारीरिक कसोटीत 600 पैकी 540 वा अधिक गुण मिळवील, त्याला टेप लावूच नये, असेही त्या वर्षी ठरविले. धावण्यात, ओझे उचलण्यात ज्याने आपली योग्यता सिद्ध केली, त्याला कंबरेवरून अपात्र का ठरवावे, हा विचार त्यात होता. बेन्के यांच्या फुटबॉलपटूंना 81 वर्षांनी न्याय मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी अमेरिकन वायुदलाने कंबरेचा घेर उंचीच्या 0.55 पटीहून कमी असावा, असा सरळ मापदंड स्वीकारला. हे नियम पुढेही बदलत राहिले आहेत आणि बदलतील; परंतु बेन्के यांनी दाखविलेले मूळ तत्त्व बदललेले नाही.

पुण्याहून आलेला धडा

येथपर्यंत आपण पाहिले, की काटा बळकट माणसाला लठ्ठ ठरवितो. आता ह्याच्या नेमकी उलट गोष्ट ऐका, आणि ती आपल्या घरची आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनी सन 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही 22.3 होता, म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखे आणि दोघेही सडपातळ. परंतु क्ष-किरणांच्या यंत्राने चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ती शेकडा 9.1 निघाली आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात शेकडा 21.2. दुपटीहून अधिक!

आपल्या लोकांचे शरीर बाहेरून बारीक दिसते, हातपाय काटकुळे असतात, परंतु स्नायू थोडे आणि पोटाच्या आसपास चरबी जास्त, असे पुष्कळदा असते. ह्याची सुरुवात आईच्या उदरातच होते, असे डॉ. याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बाळांचे वजन सरासरी 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंच्या बाबतीत फार मागे होती, परंतु चरबीच्या बाबतीत तितकी मागे नव्हती. म्हणून गरोदर स्त्रीच्या ताटात दूध, डाळ, भाजी, अंडी वा मासळी पडते की नाही, हा केवळ तिच्या एकटीचा प्रश्न नव्हे.

ह्याच कारणास्तव मधुमेह आपल्याकडे कमी वजनाच्या माणसालाही गाठतो. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. भारतीय वैद्यांनी सन 2009 मध्ये एकमताने ठरविलेल्या मर्यादा अशा : पुरुषाच्या कंबरेचा घेर 90 सेंटिमीटरपेक्षा कमी असावा आणि स्त्रीच्या कंबरेचा 80 सेंटिमीटरपेक्षा कमी. इंचात सांगावयाचे तर पुरुषांस सुमारे साडेपस्तीस आणि स्त्रियांस सुमारे साडेएकतीस.

घरच्या घरी

आमच्या वाचकांस लॉगॅरिथम नको आणि हौदही नको. एक सुतळी पुरे. सुतळी टाचेपासून डोक्यापर्यंत धरून आपल्या उंचीइतकी तोडावी. मग ती बरोबर मध्ये दुमडावी आणि श्वास सोडून, पोट आत न ओढता, कंबरेभोवती गुंडाळावी. दोन्ही टोके एकमेकांस मिळाली, तर उत्तम. मिळाली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, असे समजावे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्य मार्गदर्शक संस्थेनेही सन 2022 मध्ये हाच सल्ला दिला, की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी राखावी. गरोदर स्त्रिया आणि अगदी लहान मुले ह्यांना हे माप लावू नये.

टोके मिळाली नाहीत म्हणून घाबरून उपास धरू नये. दवाखान्यात जाऊन रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, ताटातील भाताचा ढीग थोडा उतरवून डाळ-भाजी वाढवावी, चहातील साखर कमी करावी, आणि रोज झपझप चालावे. शेतात राबणाऱ्याला चालण्याचा उपदेश नको. परंतु ज्याने शेत सोडून दुकान वा कचेरी धरली आणि जेवण मात्र शेतकऱ्याचेच ठेवले, त्याला तो अवश्य हवा. तीन महिन्यांनी तीच सुतळी पुन्हा गुंडाळून पाहावी.

एवढे मात्र स्मरावे. टेप असो वा सुतळी, ती चेतावणी देण्यापुरती आहे. पंगतीत बसलेल्या भरदार माणसाची ढेरीवरून थट्टा करणे आपल्याकडे फार चालते, आणि त्याच पंगतीतील किडकिडीत माणसाला ‘तुला काय, खा हवे तेवढे’ असा आग्रहही चालतो. बेन्के यांचे फुटबॉलपटू आणि पुण्याचे डॉक्टर ह्या दोघांची गोष्ट ज्याने ऐकली, तो ह्या दोन्ही गोष्टी करण्यापूर्वी थोडा थांबेल. तेवढे झाले, तरी आमच्या ह्या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.